जाताना विमान, येताना रेल्वे

दिवाळीची सुट्टी संपली की पाचवीच्या मुलांकडून 'माझी सुट्टी' हा निबंध लिहून घ्यायचा, हा माझा वीसेक वर्षांचा परिपाठ. मी डोंबिवलीत शिकवते. मागच्या वर्षी एका मुलानं दुबईच्या विमानप्रवासावर दीड पान लिहिलं. वरून ढग कसे दिसतात, हवाई सुंदरीनं चॉकलेट कसं दिलं, बुर्ज खलिफा बघताना मान कशी दुखली, सगळं त्यात होतं. मी खाली 'सुरेख' असा शेरा दिला. पुढच्या शनिवारी पालकसभेला त्याची आई आली, तेव्हा मी कौतुकानं विचारलं, "काय, दुबई कशी झाली?" ती बावरली. म्हणाली, "बाई, आम्ही तर कुठंच गेलो नव्हतो. ह्यांची ड्यूटी होती." मग मी वही तिच्यापुढे ठेवली. वाचता वाचता तिचे डोळे भरले.

पोर खोटारडं नाही. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी बाकांवर काय चालतं ते मी दरवर्षी ऐकते. पहिला प्रश्न, कुठं गेलास? दुसरा, विमानानं? तिसरा, फॉरेनला? दुसऱ्या प्रश्नाला अडकलेलं मूल गप्प बसतं किंवा त्या मुलासारखं मनानं उडून येतं. हे प्रश्न मुलांना कुणी शिकवले? सोसायटीच्या गणपतीत, लग्नाच्या पंगतीत, मोबाइलवरच्या फोटोंखाली आपणच ते एकमेकांना विचारतो. मुलं जवळच उभी असतात. त्यांना सगळं ऐकू येतं.

म्हणून तुमच्याशी दोन गोष्टी बोलायच्या आहेत. बाई म्हणून बोलतेय आणि आई म्हणूनही, कारण माझ्या लेकीनंही चौथीत असताना 'आपण विमानानं कधी जायचं?' असा धोशा लावला होता.

तिची ओढ मला समजत होती. आपली गावंच प्रवासावर वाढलेली आहेत. कल्याण हे दोन हजार वर्षांपूर्वीचं बंदर. कान्हेरीच्या लेण्यांतल्या शिलालेखांत कल्याणच्या व्यापाऱ्यांनी दिलेल्या दानांच्या नोंदी आहेत. १६ एप्रिल १८५३ ला देशातली पहिली प्रवासी रेल्वे बोरीबंदरहून निघाली ती आपल्या ठाण्याला येऊन थांबली. १४ डबे, ४०० माणसं, साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं, अंतर ३४ किलोमीटर. पुढच्याच वर्षी गाडी कल्याणला पोचली. कल्याणहून मलंगगडाकडे जाताना नेवाळीला दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली धावपट्टी आहे. कल्याण पूर्वेची कितीतरी मुलं त्या बाजूनं जातात आणि तिथं एके काळी विमानांसाठी जमीन सपाट केली होती हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. एका रविवारी तेवढं दाखवून आणा. विमानाची गोष्ट तिथूनही सुरू होते.

आमच्या घरी ती सुरू झाली नकाशापासून. भिंतीवर भारताचा मोठा नकाशा लावला आणि लेकीला सांगितलं, जागा तू निवड, अट दोनच. विमान दीड तासाच्या आतलं हवं, आणि तिथं आपल्या पुस्तकातलं काहीतरी बघायला मिळायला हवं. तिनं आधी गोवा म्हटलं, मग काश्मीर, मग आठवडाभर काहीच नाही. एक दिवस शाळेतून आली आणि तिनं इंदूरवर बोट ठेवलं. वर्गात अहिल्याबाई होळकरांचा धडा झाला होता. पुढं कळलं की तिथल्या विमानतळालाही अहिल्याबाईंचंच नाव आहे.

इथं मी थोडी रेंगाळणार आहे, कारण त्या चार दिवसांनी मला जे शिकवलं ते इतक्या वर्षांच्या शिकवण्यानं शिकवलं नव्हतं.

आम्ही चौघं गेलो. आम्ही दोघं, लेक आणि माझ्या सासूबाई. आईंना न्यायचं हे आधी ठरलं नव्हतं. तिकिटाचा हिशोब करताना 'आईंना तिकडं चालवेल का' असं मीच म्हणाले. लेक म्हणाली, "आजी पण पहिल्यांदाच बसणार ना? मग मी एकटी कशी घाबरू?" पालकहो, ही सोबत विकत मिळत नाही. आपण मोठी माणसं ऑफिसच्या कामानं दहादा उडालेलो असतो, आपल्याला त्याचं काही वाटत नाही. दहा वर्षांचं मूल आणि बाहत्तर वर्षांची आजी एकाच वेळी एकच गोष्ट पहिल्यांदा करतात, तेव्हा दोघींना एकमेकींचा हात धरायला कारण मिळतं. घरात आजी-आजोबा असतील आणि त्यांची तब्येत साथ देत असेल, तर बाकीचा खर्च कमी करा, पण त्यांना न्या.

विमान सकाळी साडेसहाचं. घरून अडीचला निघालो. दिवसा ज्या शिळफाट्यावर तास मोडतो तिथं तेव्हा फक्त कंटेनरची रांग होती. सामान कमी असेल आणि वेळ गर्दीची नसेल, तर डोंबिवली फास्टनं घाटकोपर, तिथून मेट्रोनं मरोळ नाका आणि तिथं गाडी बदलून भुयारी मेट्रोनं थेट विमानतळ, असंही आता जाता येतं. पण कामाच्या दिवशी सकाळी मूल आणि बॅगा घेऊन आपल्या लोकलमध्ये चढायचं धाडस करू नका. तिकिटावर टर्मिनल कुठलं आहे ते आदल्या रात्रीच बघून ठेवा. ८ ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन झालं, त्यामुळे आता कुठलं टर्मिनल याच्याही आधी कुठला विमानतळ ते बघायला हवं.

सुरक्षा तपासणीत आईंची पिशवी बाजूला काढली. आत सुक्या खोबऱ्याच्या दोन वाट्या होत्या, नर्मदेची ओटी भरायला घेतलेल्या. सुकं खोबरं विमानात चालत नाही, त्यात तेल फार असतं आणि ते पेट घेऊ शकतं. मला हे ठाऊक असायला हवं होतं. आईंचा चेहरा पडला. तपासणीवरच्या मुलीनं मात्र त्यांना 'मावशी' म्हणून नीट समजावलं. ही चूक माझी, म्हणून तुम्हाला सांगते. खोबरं नको. लोणच्याची बरणी हातातल्या पिशवीत नको. पॉवर बँक उलट हातातल्याच पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत टाकू नका. आणि तपासणीत काय होणार आहे, हे मुलाला आणि आजीला घरीच सांगून ठेवा. न सांगता घडलं की तपासणीचासुद्धा अपमान वाटतो.

खिडकीजवळची जागा. तिच्यासाठी थोडे पैसे जास्त पडतात, आणि या सबंध प्रवासात कुठं पैसे घालायचे असतील तर ते इथं घाला. पंखावरची जागा नको, खालचं काही दिसत नाही. सकाळी उत्तरेकडे जात असाल तर सूर्य उजव्या हाताला असतो, तेवढं ध्यानात घ्या. आणि एक विनवणी. विमान पळायला लागलं की मुलाचं तोंड मोबाइलकडे वळवू नका. तो व्हिडिओ नंतर कुणी बघत नाही. पाठ खुर्चीला दाबली जाते, चाकांचा खडखडाट एकदम थांबतो आणि आपण जमिनीवर नाही हे अंगाला कळतं. तो क्षण मुलाच्या अंगातच राहू द्या.

लेक घाबरली होती. मी 'घाबरायचं काय त्यात' असं म्हटलं नाही. तिला काम दिलं. घरून शेंगदाण्याचं एक हवाबंद पाकीट आणलं होतं, ते तिच्या हातात ठेवलं आणि ते फुगतंय का बघायला सांगितलं. ते फुगलं. मग तिला कारण सांगितलं. विमान आठ-दहा किलोमीटर उंच जातं. आत हवेचा दाब राखतात, पण तो जमिनीवर असतो तितका नसतो, साधारण १८०० ते २४०० मीटर उंचीच्या डोंगरावर असावा तितका असतो. आपलं कळसूबाई १६४६ मीटर. म्हणजे विमानात बसून तू कळसूबाईच्याही वरची हवा घेतेयस. हे ऐकून आजीनं स्वतः पाकीट दाबून पाहिलं.

उतरताना याच्या उलट होतं. दाब वाढतो, आणि घशापासून कानाच्या आतल्या भागापर्यंत जाणारी बारीक नळी पटकन उघडली नाही की कान दुखतात. मुलांची ही नळी अरुंद असते, म्हणून त्यांना जास्त त्रास होतो. गिळलं की ती उघडते. लिमलेटची गोळी, आवळासुपारी, घोटघोट पाणी, तान्ह्या बाळाला अंगावरचं दूध, यांपैकी काहीही चालतं, मात्र विमान खाली यायला लागल्यापासूनच सुरू करायचं. मुलाला भरपूर सर्दी असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. उतरताना मूल झोपलं असेल तर हळूच उठवा.

वाटेत आम्हाला दोन नद्या दिसल्या. आधी तापी, मग सातपुड्याच्या घड्या, मग नर्मदा. मी वीस वर्षं फळ्यावर हे निळ्या आणि तपकिरी खडूनं काढत आलेय. त्या सकाळी नोव्हेंबरची स्वच्छ हवा होती आणि माझी फळ्यावरची आकृती उन्हात पसरलेली होती. लेकीनं विचारलं, "बाकीच्या नद्या पूर्वेला जातात, मग या दोघीच पश्चिमेला का?" वर्गात हा प्रश्न परीक्षेसाठी असतो. तिथं तो तिचा स्वतःचा होता. मी तिला खचदरी सांगितली, दोन बाजूंना भेगा पडून मधली जमीन खाली बसते, ते हाताचे तळवे जवळ धरून दाखवलं. ती खाली बघत राहिली. आईंनी खिडकीकडे हात जोडले. नर्मदा परिक्रमेच्या गोष्टी त्यांनी माहेरी ऐकल्या होत्या, नदी मात्र त्या पहिल्यांदा बघत होत्या, आणि तीही आकाशातून.

इंदूरला राजवाडा पाहिला, सराफ्यात रात्री भुट्ट्याचा कीस खाल्ला, सकाळी पोहे-जिलबी. सराफ्यात रात्रभर खाणं चालतं आणि सकाळी तोच रस्ता स्वच्छ असतो हे पाहून लेकीनं आमच्या स्टेशनबाहेरच्या रस्त्याबद्दल प्रश्न विचारले. मला नीट उत्तर देता आलं नाही.

महेश्वरला गेलो ते मनात राहिलं. इंदूरहून नव्वदेक किलोमीटर. मुलांच्या डोक्यात राणीचा महाल म्हणजे आरसे आणि झुंबरं. अहिल्याबाईंचा वाडा साधा, लाकडी खांबांचा, तिथली बैठकही साधीच. अहमदनगरकडच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या चौंडी गावात १७२५ साली जन्मलेली मुलगी इथून माळव्याचा कारभार बघत होती, काशी विश्वनाथाचं देऊळ तिनं बांधून दिलं, देशभर घाट आणि विहिरी बांधल्या. "एवढ्याशा घरातून?" लेक म्हणाली. वाड्यातून पायऱ्या उतरल्या की नर्मदा. घाटावरून नारळ घेऊन आईंनी ओटी भरली. खोबऱ्याच्या वाट्यांची चुटपुट तिथं संपली.

परतताना महूला थांबलो. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म १४ एप्रिल १८९१ ला तिथल्या लष्करी छावणीत झाला, वडील रामजी सकपाळ सैन्यात सुभेदार होते. मूळ गाव कोकणातलं आंबडवे. स्मारकात त्या दुपारी नागपूरकडून आलेली बरीच कुटुंबं होती, आयाबाया मुलांना उचलून मूर्ती दाखवत होत्या. माझ्या वर्गात भीमजयंतीला भाषण करणारी मुलं आहेत. त्यांच्यातल्या कितीजणांना हे ठिकाण आपल्यापासून सव्वा तासाच्या विमानावर किंवा एका रात्रीच्या गाडीवर आहे हे ठाऊक असेल? बाजीरावांची समाधी असलेलं रावेरखेडीही त्याच पट्ट्यात, नर्मदेच्या काठी आहे. आम्हाला जमलं नाही. पुन्हा जायला एक कारण राहिलं.

आणि येताना आम्ही रेल्वेनं आलो. हे मी मुद्दाम ठरवलं होतं आणि तुम्हालाही मनापासून सुचवते. खर्च खूप वाचतो, पण मला ते वेगळ्याच कारणासाठी हवं होतं. सव्वा तासात पार केलेलं अंतर रात्रभर कापत आलं की देश केवढा आहे ते मुलाला कळतं. अवंतिका एक्स्प्रेस संध्याकाळी इंदूरहून सुटते, उज्जैन, रतलाम, वडोदरा करत सकाळी मुंबई सेंट्रलला येते. मधल्या बर्थवर झोपलेली लेक मध्यरात्री उठून विचारते, "आता आपण कुठं?" आणि खिडकीतून स्टेशनचं नाव वाचते. विमानानं ही गावं दाखवली नव्हती. जाताना तिनं नद्या पाहिल्या, येताना माणसं पाहिली.

तुमची जागा वेगळी असेल. महाराष्ट्रातच शिर्डी, कोल्हापूर, नांदेड, जळगाव, नाशिक, सिंधुदुर्गातलं चिपी असे विमानतळ आहेत. १६ एप्रिल २०२५ ला मुंबईहून अमरावतीला पहिलं प्रवासी विमान उतरलं, ठाण्याच्या त्या रेल्वेला त्या दिवशी १७२ वर्षं झाली होती. अमरावतीहून चिखलदरा, मेळघाट. नागपूरला उतरलात तर ताडोबा आणि सेवाग्राम. छत्रपती संभाजीनगरला उतरलात तर वेरूळ, तिथलं कैलास लेणं वरून खाली खोदत आणलंय हे मुलाला आधी सांगा आणि मग बघायला न्या. जरा लांब जायची तयारी असेल तर तंजावर. तिथल्या बृहदीश्वराच्या देवळात भिंतीवर १८०३ साली कोरलेला भोसले घराण्याचा इतिहास मराठीत आहे, आणि सरफोजीराजांचं सरस्वती महाल ग्रंथालय आहे. तमिळ मुलुखात भिंतीवर मराठी वाचायला मिळालेलं मूल तो दिवस विसरणार नाही.

छोट्या विमानतळांची एक अडचण मात्र सांगते. तिथली विमानं मोजकी असतात, वेळापत्रक बदलतं. आमचं एकदा परतीचं विमान ऐनवेळी रद्द झालं आणि आम्ही एसटीनं आलो. म्हणून परतीच्या दुसऱ्याच दिवशी मुलाची परीक्षा किंवा स्वतःची महत्त्वाची मीटिंग ठेवू नका.

आणखी एक बोलते, राग मानू नका. सहलीसाठी कर्ज काढून हप्ते भरणारी कुटुंबं मला माहीत आहेत. पालकसभेत नाही, पण फाटकाशी उभं राहून आया बोलतात. आठ दिवस परदेश आणि मग वर्षभर घरात पैशावरून चिडचिड. मुलाच्या वाट्याला दोन्ही येतं, आणि चिडचिड जास्त दिवस येते. परदेश जरूर बघा, जमेल तेव्हा बघा. पण पहिलं विमान कुणाला तरी उत्तर म्हणून नको. या वर्षी जमत नसेल तर मुलाला तसं सरळ सांगा. 'या वर्षी पैसे नाहीत, आपण साठवतोय' हे वाक्य दहा वर्षांच्या मुलाला कळतं. आपण ते लपवलं की त्याला वाटतं ही लाजेची गोष्ट आहे, आणि मग ते दुबईवर दीड पान लिहितं.

त्या मुलाला मी रागावले नाही. निबंध लिहून घ्यायचा मात्र मी बंद केला. घरचा भारताचा नकाशा आणून वर्गाच्या मागच्या भिंतीवर लावला आणि डबीभर टाचण्या ठेवल्या. ज्या गावाबद्दल पाच मिनिटं सांगता येईल तिथं टाचणी लावायची. कसं गेलात, किती दिवस राहिलात, हे कुणी विचारायचं नाही.

त्यानं तीन आठवडे टाचणी लावली नाही. मग एका सोमवारी त्यानं कसारा आणि इगतपुरीच्या मधोमध, घाटात टाचणी लावली. त्याचे आजोबा रेल्वेत होते, इगतपुरीला. घाटाचा चढ ३७ फुटांना एक फूट, म्हणून कसाऱ्याला गाडीच्या मागं जादा इंजिनं जोडतात, त्यांना बँकर म्हणतात, आणि पुढचा ड्रायव्हर आणि मागचा ड्रायव्हर शिट्टीनं एकमेकांशी कसं बोलतात, हे तो सांगत होता. पाच मिनिटांची पंधरा झाली. कुणीतरी विचारलं, पुढच्यानं ब्रेक मारला आणि मागच्याला कळलंच नाही तर? तो थांबला.

"ते आजोबांनाच विचारायला पाहिजे," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळून, "बाई, त्यांना वर्गात आणू का?"

येत्या शनिवारी ते येणार आहेत.